सम्राटाच्या सभेचं त्र्याहत्तरावं पान

१

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला माझी सून बूट न काढता थेट स्वयंपाकघरात आली, तेव्हाच मी शेगडी बंद केली. निशिगंधा बूट दारात काढते, कोट खुंटीला लावते, हात धुते आणि मग तोंड उघडते. मी दरवर्षी तीन महिने जर्मनीत हायडेलबर्गला मुलाकडे येते, पण हा क्रम चुकलेला कधी पाहिला नव्हता.

"आई, वहीतलं एक पान गेलं," ती म्हणाली.

"गेलं म्हणजे?"

"कापून नेलंय कुणीतरी. आणि सगळ्यांना वाटतंय, मीच नेलं."

एवढं बोलून ती बसली. खुर्चीवर नव्हे, फरशीवर, फ्रिजला टेकून. चेहरा पांढराफटक. रडत नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

ही वही काय भानगड आहे ते सांगते. माझी सून इतिहासात पीएचडी करते आणि तिचा विषय ऐकला की पाहुणे हवापाण्यावर बोलायला लागतात. १८२२ साली मेक्सिकोला एक सम्राट लाभला. त्याचं आणि तिथल्या काँग्रेसचं, म्हणजे लोकांच्या प्रतिनिधींच्या सभेचं, काही जमेना. ऑक्टोबर संपता संपता त्यानं काँग्रेस बरखास्त केली आणि दोन दिवसांत तिच्यातलेच आपल्याला चालतील असे सभासद वेचून एक नवी सभा बसवली. कायदे म्हणे आता हे करतील. ती सभा चार महिने टिकली. मार्चमध्ये सम्राटाला झक मारत जुनी काँग्रेस परत बोलवावी लागली, आणि मग थोड्याच दिवसांत त्याचंही सिंहासन गेलं. संपली गोष्ट. त्या चार महिन्यांवर आमच्या बाईंनी पाच वर्षं घातली आहेत.

मला मात्र हा विषय कळतो. मी अडतीस वर्षं मुंबईत विधानभवनात लघुलेखक होते. सभागृहात कोण काय बोललं ते दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावून शॉर्टहँडमध्ये उतरवायचं, हे माझं काम. सभा बरखास्त होते म्हणजे काय होतं, ते रिकाम्या बाकांसमोर बसून मी पाहिलंय.

तर, त्या सम्राटाच्या सभेच्या गॅलरीत एका जर्मन व्यापाऱ्याचा कारकून येऊन बसायचा आणि ऐकलं ते तळहाताएवढ्या वहीत लिहून घ्यायचा. म्हणजे माझाच भाऊबंद. त्याची ती वही इथल्या जुन्या गावात एका खाजगी संग्रहात आहे. तिथे फोटो काढायचा नाही, पेन न्यायचं नाही. पेन्सिलीनं नक्कल करायची. सकाळी वही हातात देताना पानं मोजतात आणि परत घेताना पुन्हा मोजतात.

"सकाळी दहाला एकशे अठरा होती," निशिगंधा म्हणाली. "चारला एकशे सतरा. काउंटरवरच्या फ्राउ क्लाइननं तीनदा मोजली. त्र्याहत्तरावं नाही."

त्र्याहत्तर म्हटल्यावर मीही खाली बसले. आदल्या दिवशी जेवताना ती याच पानाबद्दल बोलली होती.

"मी दुपारी डबा खायला बाहेर गेले. नियमानं वही काउंटरवर परत द्यायला हवी होती. नाही दिली. श्यामकांतकाका समोर बसले होते, म्हटलं बघतील. पाऊण तासाचा तर प्रश्न." ती हाताच्या बोटांकडे बघत होती. "आता मला हाउसफरबोट आहे. म्हणजे तिथे पाऊलसुद्धा टाकायचं नाही. शुक्रवारी सकाळी दहापर्यंत पान मिळालं नाही तर पोलिसात तक्रार. माझी तोंडी परीक्षा सतरा दिवसांवर आलीय, आई. चोरीचा आळ असलेल्या बाईला कोण डॉक्टर करणार?"

"पुरावा काय त्यांच्याकडे?"

"वहीच्या कव्हरवर पिवळा डाग आहे. सकाळी नव्हता." तिनं उजवा हात माझ्यासमोर धरला. नखांच्या कडा पिवळ्या होत्या. "बटाट्याची भाजी होती आज."

२

बैठकीच्या खोलीतून श्यामकांत भावजी आले. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण या घरांच्या भिंती म्हणजे पुठ्ठे.

श्यामकांत दाबके माझ्या यजमानांचे, मोहनचे, कॉलेजपासूनचे मित्र. मोहन गेल्यावर तेरा दिवस आमच्याकडे राहिलेला माणूस. वीस वर्षांपूर्वी पुणं सोडून येनाला आले, तिथल्या विद्यापीठात शिकवतात. निशिगंधाला या विषयाची गोडी लावली त्यांनी, जर्मनीत आणली त्यांनी. ती त्यांना काका म्हणते, आणि ते निघाले की न चुकता वाकून नमस्कार करते. संग्रहातली काही छापील पुस्तकं बघायला ते सोमवारपासून आमच्याकडे उतरले होते.

माणूस नेमाचा. पहाटे आंघोळ, संध्या, मग लाल फडक्यात बांधलेल्या सुट्या पानांच्या पोथीचा एक अध्याय, मग कपाळावर गंध. यावेळी गंधाची डबी येनाला राहिली, म्हणून रोज सकाळी मी माझ्या लहानशा सहाणेवर चंदन उगाळून देत होते. बुधवारी दोन काड्या केशराच्या घातल्या. भावजी खूश झाले होते.

"फार वाईट झालं, वहिनी," ते म्हणाले. कपाळावरचं गंध अर्धं पुसलं गेलं होतं आणि एकदम म्हातारे दिसत होते. "मी समोर होतो ना, मलाच लाज वाटतेय."

मी शॉर्टहँडची वही काढली. जन्माची सवय. "भावजी, जे झालं ते क्रमानं सांगा. मी लिहून घेते."

त्यांनी सांगितलं ते असं. साडेबाराला निशिगंधा गेली. पाच मिनिटांनी तिचे प्रोफेसर ब्राख आले, तिच्या टेबलापाशी उभे राहिले आणि वही उचलून चाळली. पाऊणच्या पुढे केव्हातरी ते गेले. फ्राउ क्लाइन मध्येच आतल्या खोलीत गेली होती, खोकी आली होती कसली तरी. "मी माझ्या छापील खंडांत डोकं घालून बसलो होतो. त्या वहीला मी आजवर हातसुद्धा लावलेला नाही. दोनला उठलो आणि इकडे आलो."

"ब्राखना ते पान कशाला हवं असेल?"

"त्यांना ती वही स्वतःच्या नावानं छापायचीय. सगळ्यांना ठाऊक आहे." जरा थांबून ते म्हणाले, "आणि क्लाइनबाई एकटीच मोजते. सकाळी एकशे अठरा होती हे तिचंच म्हणणं ना?"

हे बोलणं रास्त होतं. मी लिहून घेतलं.

तेवढ्यात हृषिकेश ऑफिसातून आला. माझा मुलगा सॉफ्टवेअरवाला, त्याला सगळे प्रश्न यादी केली की सुटतात असं वाटतं. "आल्झो, आधी वकील," तो त्याच्या जर्मन 'तर मग'नं सुरू झाला. "मग प्रोफेसरांशी बोलायचं. निशी, तू अजून कुणाशी बोलू नकोस."

"त्या पानावर नेमकं काय होतं?" मी विचारलं.

निशिगंधानं काल जेवताना सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, फक्त काल तिच्या डोळ्यांत दिवाळी होती. सम्राटाकडून आलेला एक ठराव त्या सभेपुढे होता. सभेच्या कागदांत तो एकमतानं संमत. आणि कारकुनानं लिहिलं होतं की होय म्हणायला उभं राहायचं असताना काही सभासद जागचे उठले नाहीत. त्यानं त्यांची नावं टिपली होती. "मी फक्त पान उलटून पाहिलं होतं, आई. गुरुवारी नक्कल करणार होते."

विधानभवनात आवाजी मतदान असंच चालतं. होय म्हणणारे ओरडतात, अध्यक्ष म्हणतात संमत. नाही म्हणणाऱ्यानं मतविभागणी मागितली नाही, तर त्याचं नाव कुठेही येत नाही. मी असे किती तरी 'नाही' ऐकले, पण लिहू शकले नाही.

"नीट वाचल्याशिवाय काही खरं धरू नये," भावजी हळूच म्हणाले. कालही हेच म्हणाले होते. त्यांचं बारा वर्षांचं पुस्तक जानेवारीत येणार होतं, आणि त्यात त्यांनी या सभेला होयबांची सभा म्हटलंय. चार महिन्यांत एकानंही मान वर केली नाही, हा त्यांचा सिद्धांत.

मग ते टिपणं काढायला बसले आणि पेन्सिलीला टोक करायला माझी भाजीची सुरी मागून नेली. त्यांचं पितळी शार्पनर बिघडलं होतं म्हणे.

३

गुरुवारी सकाळी मी गंध उगाळलं नाही. मन नव्हतं. भावजींनीही मागितलं नाही. पोथी चौरंगावर होती, फडक्याच्या गाठीसकट, आणि ते डोळे मिटून अध्याय तोंडपाठ म्हणत होते. मी म्हटलं, एवढ्या गोंधळात माणूस देवासमोर बसला हेच पुष्कळ.

नऊला मी निघाले. हृषिकेश म्हणाला, "आई, तू काय करणार तिथे? तुला जर्मन येत नाही."

"मला माणसं येतात," मी म्हटलं.

संग्रह म्हणजे नदीजवळच्या बोळातलं तीन मजली घर. नेकारवर धुकं होतं. फ्राउ क्लाइन पन्नाशीची, उंच, केस घट्ट मागे ओढलेले. मी कोण ते सांगितल्यावर तिनं दार अर्धंच उघडं ठेवलं. आम्ही दोघी आपापल्या इंग्रजीत बोललो, आणि दोघींचीही बेताची असल्यामुळे कुणाला कुणाची लाज वाटली नाही.

"तुमच्या सुनेवर माझा विश्वास होता," ती म्हणाली. "म्हणून मला जास्त राग आलाय."

"मीही पानं सांभाळण्याच्या खात्यातलीच आहे," मी म्हटलं. "अडतीस वर्षं. माझ्या सुनेनं कापलं असेल तर मी स्वतः तिला पोलिसात नेईन. पण मला तो डाग दाखवा."

यावर तिनं दार पूर्ण उघडलं.

तिनं वही समोर ठेवली. गडद तपकिरी चामड्याचं कव्हर, आणि आत त्र्याहत्तराव्या पानाच्या जागी बोटभर उरलेली कातरी पट्टी. कापही सरळ नव्हता. इवल्याशा पात्यानं चार-पाच वेळा ओढल्यासारखा होता.

आणि तो डाग. वरच्या कव्हरवर, अगदी मधोमध, चिंचोक्याएवढा. फिका पिवळा.

मी तो पाहतच राहिले. जेवलेल्या हातानं माणूस वही कुठे धरतो? कडेला. अंगठा वर, बोटं खाली. मधोमध, एकच, आणि बोटाच्या ठशाची एक रेघही नाही, असा डाग हातानं पडत नाही.

"आम्ही कापसानं थोडा उचलून ठेवलाय," फ्राउ क्लाइन म्हणाली. "हळदच आहे. मी सुद्धा करी करते."

"हळद आहे की नाही ते मी दोन मिनिटांत सांगते. तुमच्याकडे हात धुवायचा साबण आहे?"

तिला मी वेडी वाटले असणार. पण हळदीच्या हातानं कपडे धुतलेल्या कुठल्याही बाईला विचारा. साबण लागला की हळद लाल होते. निशिगंधाचा कालचा न घासलेला डबा मी पिशवीत घालून आणला होता. ओल्या कागदानं झाकणाची कड पुसली, कागद पिवळा झाला, त्यावर साबण चोळला. कागद विटेसारखा लाल झाला.  मग फ्राउ क्लाइननं स्वतः कापसाचे चार तंतू काढून दिले आणि मी त्यावर साबण लावला.

पिवळा तो पिवळाच राहिला.

तिनं बेसिनची कड धरली. "म्हणजे मी त्या मुलीला..." ती म्हणाली.

मी उरलेला कापूस नाकाशी नेला. अगदी हलका वास होता, पण होता.  तो वास माझ्याच सहाणेचा होता.

४

मी पाणी मागितलं आणि खुर्चीत बसले. म्हटलं, मनोरमा, घाई करू नकोस. गंधाचा कण कशालाही लागू शकतो. निशिगंधा त्याच घरात राहते. तिच्या बाहीला लागला असेल, तिथून वहीला.

तेवढ्यात प्रोफेसर ब्राख आले. निशिगंधाचे मार्गदर्शक. इथे त्यांना डॉक्टरफाटर म्हणतात, डॉक्टर-बाप. हा बाप सहा फुटी, मिशा पांढऱ्या आणि आवाज सभापतींचा. मी आडून विचारण्याच्या भानगडीत पडले नाही.

"काल तुम्ही ती वही हातात घेतली होती. का?"

"मॅडम, माझ्या विद्यार्थिनीनं मला सकाळीच पानाबद्दल सांगितलं होतं. मला राहवेना. मी त्र्याहत्तरावं पान वाचलं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "दहा नावं आहेत. दहा. या पानानं माझ्या विद्यार्थिनीचं नाव होणार, आणि तिच्यामागे माझंही. मी ते कापून घरी नेलं तर मला काय मिळणार? ते नाहीसं होण्यातच ज्याचा फायदा आहे, त्यानं नेलं."

"तुम्ही गेलात तेव्हा पान होतं?"

"होतं. मी वही तिच्या टेबलावर, स्पंजच्या उशीवर नीट ठेवली. फ्राउ क्लाइन तेव्हाच आत गेली. मी बाहेर पडलो आणि काचेच्या दारातून मागे पाहिलं, छत्री विसरली का म्हणून."

"काय दिसलं?"

"काही नाही. डॉक्टर दाबके टेबलाखाली वाकले होते. काहीतरी पडलं होतं त्यांचं. पेन्सिल असेल." त्यांनी खांदे उडवले. "उचललं आणि क्षणभर असे मान खाली घालून बसले. मला वाटलं, बरं नाही की काय."

मी डोळे मिटून घेतले. मला सगळं दिसलं. टेबलाखाली काय पडलं, त्याला काय लागलं आणि मान का खाली गेली, तेसुद्धा. ते मला ज्या कारणानं दिसलं त्याच कारणानं या दोघांना जन्मात दिसलं नसतं.

घरी जाताना ट्राममध्ये मी सारखी घरी भिंतीवर लावलेला मोहनचा फोटो आठवत होते. तो फोटो श्यामकांतनीच काढलाय.

५

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी चौघांचा चहा केला. हृषिकेशला म्हटलं, आज उशिरा जा. निशिगंधाचे डोळे सुजले होते. भावजी आंघोळ करून आले होते, बॅग भरून दाराशी ठेवलेली. दहाच्या गाडीनं येना.

मी शॉर्टहँडची वही उघडली.

"विधानभवनात सभासद दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीत यायचे," मी म्हटलं. "म्हणायचे, मी असं बोललोच नव्हतो, बाई. मग मी वही काढून वाचून दाखवायची. भावजी, बुधवारचं तुमचं वाक्य वाचते. 'त्या वहीला मी आजवर हातसुद्धा लावलेला नाही.' बरोबर?"

"बरोबर," ते म्हणाले.

"वहीवरचा डाग हळदीचा नाही. साबणानं लाल होत नाही. चंदन आहे, केशर घातलेलं. या गावात बुधवारी ते एकाच कपाळावर होतं आणि ते मी माझ्या हातानं उगाळलं होतं."

"आई," हृषिकेश म्हणाला, "काय बोलतेस तू?"

"ऐक. कण निशिगंधाच्या हातून लागला असता तर कडेला लागला असता. हा मधोमध आहे. वही दोन्ही हातांनी धरून तिचा मधला भाग कपाळाला लावला, तरच तिथे लागतो. आपण हे केव्हा करतो? पुस्तकाला पाय लागला की."  "ब्राखसाहेब बाहेर पडले तेव्हा पान जागेवर होतं. त्यांनी तुम्हाला टेबलाखाली वाकताना पाहिलं आणि मान खाली घालून बसलेलं पाहिलं. वही मांडीवर घेऊन कापत होतात. ती निसटली. पायाला लागली. तुम्ही उचललीत आणि नमस्कार केलात. संध्याकाळी तुमचं गंध अर्धंच होतं. आणि तुमचं शार्पनर बिघडलेलं नाही, भावजी. त्याचं पातं तुम्ही स्क्रू काढून वापरलंत आणि टाकून दिलंत."

कुणी चहाला हात लावला नव्हता.

"काका?" निशिगंधा म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना. "काका, नाही म्हणा ना."

ते दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघत होते.

"सुटं पान लपवायला सगळ्यात चांगली जागा सुट्या पानांची पोथी," मी म्हटलं. "सोवळ्यातली आहे, दुसरं कुणी हात लावत नाही. काल तुम्ही गाठ सोडली नाहीत. अध्याय पाठ म्हटलात. आता सोडा."

श्यामकांत भावजी उठले. बॅगेतून पोथी काढली, टेबलावर ठेवली आणि गाठ सोडायला लागले. ती त्यांच्यानं सुटेना. शेवटी हृषिकेशनं सोडली. रुंद पानांच्या मधोमध ते लहानसं पान होतं, पिवळट, बारीक तिरक्या अक्षरांचं. घडीसुद्धा घातलेली नव्हती.

"जाळायला घेतलं होतं," ते म्हणाले. "बुधवारी, तुमच्या बाल्कनीत. काडी ओढली. नाही जमलं, वहिनी. बारा वर्षं. मी एकसष्टचा झालो. दुसरं पुस्तक होणार नाही माझ्या हातून."

"माझ्यावर आळ आला तेव्हा तुम्ही याच खुर्चीत होतात," निशिगंधा म्हणाली. "मी चहा करून दिला तुम्हाला."

"मला वाटलं, पुरावा नाही म्हणून सोडून देतील तुला. डाग पडलाय हे मला ठाऊकच नव्हतं, बेटा."

"पण कळल्यावर? दोन दिवस?"

 तिचा हा प्रश्न मी लिहून घेतला नाही.

६

पावणेदहाला निशिगंधा, भावजी आणि मी संग्रहात पोचलो. पान भावजींनी स्वतः दिलं. मी तशी अट घातली होती. फ्राउ क्लाइननं पांढरे हातमोजे घातले, पान त्या कातऱ्या पट्टीला लावून पाहिलं, मग संपूर्ण वही मोजली. एकशे अठरा. मग ती निशिगंधापाशी आली, हात पुढे केला आणि जर्मनमध्ये बराच वेळ बोलली. मला एक शब्द कळला नाही, पण माफी कळते.

ब्राखसाहेब भिंतीला टेकून उभे होते. "दाबके, तुम्ही?" एवढंच म्हणाले.

भावजींनी प्रकाशकाला आणि विद्यापीठाला आजच्या आज कळवतो म्हणून सांगितलं. पुस्तक थांबेल. पुढे काय व्हायचं ते संग्रहाचे विश्वस्त ठरवणार होते. मग फ्राउ क्लाइननं तो डाग दाखवून त्यांना काहीतरी विचारलं आणि त्यांनी खाली बघून दोन-चार शब्दांत उत्तर दिलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"पाय लागला होता, म्हणून," निशिगंधा म्हणाली.

फ्राउ क्लाइनला काही उलगडेना. ती माझ्याकडे वळली. "म्हणजे यांनी पुस्तक पात्यानं कापलं," ती इंग्रजीत सावकाश म्हणाली, "आणि माफी मागितली ती पाय लागल्याची?"

अडतीस वर्षं मी इकडचं बोलणं तिकडे करत आले. हे मला जमलं नाही. मी नुसती मान हलवली.

निशिगंधानं कोट काढला, हात धुतले आणि आपल्या टेबलापाशी बसली. "आई, तुम्ही लिहाल?  मी नावं वाचते."

मला पेन्सिल मिळाली. तिनं पान उशीवर ठेवलं आणि ठरावाचा मजकूर वाचला, मग न उठलेल्यांची नावं एकेक करून. त्यांच्या सभेच्या कागदात हे दहाही जण होय म्हणाले होते. जवळजवळ दोनशे वर्षं. मी सावकाश, शॉर्टहँड न वापरता, पूर्ण अक्षरांत लिहीत होते.

नववं नाव झालं तेव्हा मागे पावलं वाजली. भावजी बॅग घेऊन उभे होते.

"येतो मी," ते म्हणाले.

आजवर हे शब्द ऐकले की ती असेल तिथून उठायची आणि वाकायची. त्यांनीही सवयीनं एक पाऊल पुढे टाकलं होतं. निशिगंधा उठली नाही. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"दार हळू लावा, काका," ती म्हणाली. "इथे लोक वाचत असतात."

दार लागल्याचा आवाज आला नाही, म्हणजे त्यांनी हळूच लावलं असणार. पेन्सिलीला टोक राहिलं नव्हतं, तरी मी ती तशीच धरून बसले.

"हं," मी म्हटलं. "दहावं?"

तिनं डोळे पुसले, कागदाला न टेकता ओळीवर बोट धरलं आणि दहावं नाव सांगितलं. मी ते लिहिलं.